सुभेदारीणबाईंची विरजणाची वाट

तुळशीचे लग्न झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी गावच्या मैदानाच्या फाटकाला दुपारचे कुलूप लागले. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी मी पहिला अर्ज दिला. दत्तजयंतीच्या सुमारास त्याची पोच मागितली, ती मिळाली नाही. भोगीच्या दिवशी दुपारी आमच्या घरमालकीण उसाच्या ट्रॉलीला वाट देताना रस्त्याकडेच्या चरीत पडल्या व त्यांचा खुबा मोडला. मिरजेला शस्त्रक्रिया झाली. रथसप्तमीला त्यांना सांगलीस, मुलाच्या घरी नेण्यात आले. आता होळी होऊन गेली आहे आणि कुलूप जागेवर आहे.

मी ज्यांना जबाबदार धरतो ते असे. मैदान समितीचे अध्यक्ष, ज्यांनी कुलूप आणले. सरपंच, ज्यांनी ते लावू दिले. ग्रामसेवक, ज्यांनी अर्ज घेतला आणि शिक्का सापडत नसल्याचे सांगितले. तो ट्रॅक्टरचालक, ज्याला स्वतःच्या गाण्यापुढे काही ऐकू येत नव्हते. बाईंचे चिरंजीव, ज्यांचा हेतू चांगला आहे. चांगल्या हेतूने जबाबदारी कमी होते, संपत नाही. एक मनगटी घड्याळ. आणि यादी प्रामाणिक असावी म्हणून शेवटी स्वतः बाई.

गावाचे नाव लिहीत नाही. कोरेगावच्या बाजाराला जाणारे, मुले सांगली-पुण्याला नोकरीस असणारे आणि प्रत्येक आळीत एक तरी माजी सैनिक असणारे ते एक गाव आहे. ज्यांनी उत्तर द्यायचे आहे त्यांना ते पुरेसे ठाऊक आहे.

मी न्यायालयाच्या कचेरीत नाझर होतो. निवृत्तीनंतर या गावी बाईंच्या माडीवर भाड्याने राहिलो, तो आजतागायत. त्यांचे यजमान फौजेतून सुभेदार होऊन परतले आणि काही वर्षांनी वारले. तेव्हापासून गाव त्यांना सुभेदारीणबाई म्हणते. त्या मला वकीलसायब म्हणत. मी वकील नव्हतो हे मी त्यांना अनेकदा स्पष्ट केले होते. "मग कागुद कशाला काळं करता रोज?" एवढाच त्यांचा प्रतिप्रश्न असे.

त्यांचे वय त्यांना नक्की ठाऊक नव्हते आणि विचारणाऱ्याला त्या ते दरवेळी वेगळे सांगत. उंची बेताची, चाल मात्र उंच माणसाची. यजमानांबरोबर अनेक छावण्यांत राहिल्यामुळे त्यांच्या बोलण्यात कवायतीचे हिंदी शब्द येत आणि ते त्या कोणालाही ऐकवत. म्हशीला "पीछे मुड", सुनेच्या भावाला "सावधान". परंतु त्यांचा खरा मंत्र एकच होता. बरोबरीची एखादी बाई चालताना दम घ्यायला उभी राहिली की मागून आवाज येई, "थम म्हटलं का कुणी? थम म्हटल्याबिगर थांबायचं न्हाई!"

बसलेली बाई त्यांना बघवत नसे. यातून त्यांनी अन्यायही पुष्कळ केला. चावडीजवळ एक काकू राहतात, त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. त्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून शेंगा फोडत. सुभेदारीणबाईंचे मत असे की प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्याने हाडांचे पाणी होते. या मताला कोणताही आधार नव्हता आणि तो त्यांना नकोही होता. एके दिवशी त्यांनी काकूंची खुर्ची उचलून परड्यात टाकली. काकू रडल्या. "तुझ्या नवऱ्यानं परेड शिकवली तुला, मला न्हाई शिकवली गं!" असे त्या म्हणाल्याचे मी चावडीवरून स्वतः ऐकले. खुर्ची परत गेली. क्षमायाचना गेली नाही.

आता मुद्द्याची गोष्ट.

आमच्या भागात साठीच्या पुढची बाई नुसती चालायला बाहेर पडत नाही. पुरुष पडतात. सकाळी कानटोपी घालून ते हात मोठमोठ्याने हलवीत जातात आणि कोणी विचारले तर अभिमानाने सांगतात. बाईच्या हातात मात्र काहीतरी असावे लागते. घागर, डबा, निवद, दळण. पूर्वी हे सगळे होते. आता नळ घरात, गिरणी घरासमोर आणि डेअरीची गाडी दारात आली. कारणे संपली आणि कारणांबरोबर चालणेही संपले. ज्या बायकांनी जन्मभर उसाच्या सरीतून पाटी वाहिली, त्यांना एकाएकी "आता निवांत बसून खावा" असे सांगण्यात आले. ही शिक्षा आहे असे सांगणाऱ्याला वाटत नाही, म्हणून ती भोगणारीलाही तसे म्हणता येत नाही.

सुभेदारीणबाईंनी यावर काढलेला उपाय मी अन्यत्र पाहिलेला नाही. त्यांनी जाहीर केले की त्यांचे दही लागत नाही. विरजण चांगले हवे, आणि ते फक्त पद्माक्कांकडे मिळते. पद्माक्का या मूळच्या सांगलीकडच्या, जैन शेतकऱ्याच्या घरच्या. त्यांचा मळा मैदानाच्या पलीकडच्या अंगाला आहे. तेव्हा रोज दुपारी हातात झाकणाची डबी घेऊन बाई निघत. फाटकातून मैदानात शिरत, बांधाच्या कडेने फेऱ्यांवर फेऱ्या घालत आणि शेवटी पलीकडच्या फाटकातून पद्माक्कांच्या दारात पोचत. तेथे बसायचे नाही. उभ्यानेच चमचाभर विरजण घ्यायचे आणि आल्या वाटेने परत.

हळूहळू आळीतल्या इतर बायकांचेही दही बिघडले. वर्षभरात परिस्थिती अशी झाली की दुभत्याच्या या गावात साठीच्या पुढच्या एकाही बाईचे दही घरच्या विरजणाने लागत नव्हते. शेजारणीकडून विरजण मागणाऱ्या बाईला सुभेदारीणबाई गद्दार म्हणत. पद्माक्का दोन मडकी वेगळी विरजून ठेवू लागल्या.

"आक्का, तुमाला तरास न्हाई का हो?" मी एकदा विचारले होते. त्यांच्याशी बोलताना माझीही भाषा थोडी सैल होते.

"तरास कसला, सायेब? मीपण त्यांच्यासंगं फाटकापतूर जाती की परत पोचवाया. मग त्या मला पोचवाया येत्यात. मग मी त्यांस्नी."

दुपारच तेवढी का, हे समितीला माहीत नाही किंवा माहीत असून चालत नाही. सकाळ चुलीची आणि धारांची. सांजेला पुन्हा धारा, दूध घालणे, दिवाबत्ती. पद्माक्कांना तर सूर्य मावळायच्या आत स्वयंपाक करून जेवणेही उरकावे लागते. त्यांच्या घरी रात्री खात नाहीत. जेवणाची भांडी घासून झाल्यापासून उन्हे कलेपर्यंतचा जो वेळ, तेवढाच या बायकांच्या मालकीचा. बाकीचा दिवस इतरांचा आहे.

सांगलीच्या चिरंजीवांनी मध्यंतरी आईला पावले मोजणारे घड्याळ पाठवले. दुसऱ्या दिवशी बाई तरातरा माडी चढून आल्या. "वकीलसायब, ह्ये घड्याळ लबाड हाय. ह्याच्यावर कलम लावा."

त्यांची तक्रार रास्त होती. सकाळी त्यांनी बसून ताक घुसळले, तेव्हा रवीच्या दोरीबरोबर हात पुढेमागे झाला आणि घड्याळाने तो सगळा वेळ चालण्यात धरला. दुपारी वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन त्या मळ्यातून घरी आल्या. हात भाऱ्याला धरलेला, मनगट जागचे हललेले नाही. घड्याळाने त्या चालण्याची दखलच घेतली नाही. "बसली तवा चालली म्हणतंय, आन् चालली तवा मेली जणू!" असे म्हणून त्यांनी ते घड्याळ खुंटीला अडकवले. हा पुरावा वाचकांनी लक्षात ठेवावा, तो पुढे लागणार आहे.

दिवाळीनंतर ग्रामसभा झाली. मैदान समितीचे म्हणणे असे, की दुपारी मैदान मोकळे राहिल्याने गुरे शिरतात व पत्त्यांचे डाव पडतात. सबब मैदान सकाळी आणि सांजेला उघडावे, दुपारी बंद ठेवावे. मी उभा राहून हरकत घेतली. दुपारी तेथे स्त्रिया येतात, असे सांगितले. सरपंच वयाने लहान आहेत, बोलायला गोड आहेत. ते बायकांच्या बाजूला वळले.

"मैदानावर फिरायला, व्यायामाला कोण कोण येतं, त्या माता-भगिनींनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. सगळ्या पदराशी चाळा करीत बसल्या. मागून कोणी पुरुष म्हणाला, "म्हाताऱ्यांस्नी कसला यायाम? घरात काय कमी काम हाय व्हय?" हशा झाला.

सरपंचांनी विचारले, "काकी, तुमी तर रोज दिसता. तुमी फिरायलाच जाता न्हवं?"

सुभेदारीणबाई ताठ उभ्या राहिल्या. त्या आता सगळे सांगतील अशी माझी खात्री होती.

"फिरायला? मी काय रिकामी हाय फिरायला? इरजण आणायला जाते मी!"

"मग इरजण रस्त्यानंबी आणता यील की," समितीचे अध्यक्ष म्हणाले, आणि ग्रामसेवकांना उद्देशून, "लिवा. महिलांचा वापर नाही."

घरी आल्यावर मी त्यांना जिन्यातच गाठले. "मालकीणबाई, आपण हे काय सांगितलेत?"

"खरं त्येच सांगितलं."

"ते खरे आहे?"

त्यांनी जिन्याच्या वर-खाली पाहून घेतले. मग म्हणाल्या, "चारचौघांत काय सांगू, वकीलसायब? म्हातारी डबी घेऊन गोल गोल फिरती म्हणून? माझ्या सुनंच्या माह्यारची मान्सं बसली व्हती तितं."

या ठिकाणी कायद्याची बाजू नोंदवतो. हक्क मागितला नाही म्हणजे तो सोडला असे होत नाही. ज्या गोष्टीची लाज वाटावी अशी व्यवस्था आपणच केली, ती गोष्ट कबूल करा असे भर सभेत सांगायचे, आणि कबुली आली नाही की तिच्या अभावाला पुरावा मानायचे, ही चौकशी नव्हे. मी अर्जात हेच लिहिले. अर्ज कोठे आहे हे ग्रामसेवकांना विचारावे.

कुलूप लागल्यानंतर काही दिवस बायका कारखान्याच्या रस्त्याने पद्माक्कांकडे जाऊन पाहू लागल्या. गळिताचा हंगाम. एकामागे एक ट्रॅक्टर, प्रत्येकाला दोन ट्रॉल्या, वरून लोंबणारा ऊस आणि कान फाडणारी गाणी. एकेक बाई गळाली. मार्गशीर्ष सरेपर्यंत गावातली बहुतेक दही आपोआप लागू लागली.

एकट्या सुभेदारीणबाईंचे लागत नव्हते. मी त्यांना रस्त्याने न जाण्याविषयी लेखी सूचना दिली. ती त्यांनी पाटाखाली, पाट डुगडुगत होता म्हणून, घातली.

भोगीच्या दिवशीचा प्रकार पद्माक्कांनी मला सांगितला तसा देतो. "माझ्या दारातनंच वळली, सायेब. ट्रॅक्टर आला म्हणून कडंला झाली. पयली ट्रॉली गेली, तिला वाटलं झालं. दुसरी मागं हायच की. ती आणिक मागं सरली आन् गेली चरीत. मी पळाले. तर वरडती काय, इरजण सांडलं! पाय हलंना, आन् इरजण सांडलं म्हणती!"

पुढे रस्त्याने येणारा एकजण थांबला. त्याने वरूनच विचारले, "काकी, ह्या वयात कशाला आलता रस्त्याला?" चरीतून उत्तर आले ते सभेत दिले तेच होते.

मिरजेला नेण्यासाठी आमच्या दारात गाडी आली तेव्हा चावडीजवळच्या काकू काठी टेकीत, दर चार घरांना थांबत, पोचल्या. मला वाटले सूड उगवायला आल्या. "आता कशी गं, सुभेदारीण?" त्या म्हणाल्या. "आता तुझी खुर्ची कुणी टाकायची परड्यात?" मग स्ट्रेचरवरच्या त्यांच्या हातातून डबी काढून घेतली आणि म्हणाल्या, "तू येस्तवर तुझ्या वाटचं इरजण मी आणते. लय न्हाई जमायचं. चावडीच्या म्होरं एक-दोन घरं."

"थम म्हटलं का कुणी?" स्ट्रेचरवरून आवाज आला. गाडीचे दार लागले.

गेल्या पंधरवड्यात मी सांगलीला जाऊन आलो. पद्माक्कांनी विरजणाची डबी बरोबर दिली होती. तिसरा मजला, लिफ्ट, आरशासारख्या फरश्या. बाई खिडकीजवळ गादीच्या खुर्चीत होत्या. सांभाळायला ठेवलेल्या बाईला ताकीद होती की आजींना उठू द्यायचे नाही. डॉक्टरांनी धरून चालायला दिलेला वॉकर गॅलरीत होता आणि त्यावर टॉवेल वाळत होते.

चिरंजीवांनी मला आदराने चहा दिला. ते वाईट गृहस्थ नाहीत, हे मी शपथेवर सांगेन. "काका, डॉक्टर चालवा म्हणतात, पण या फरश्या बघा. घसरली तर दुसरा खुबा जाईल. आणि तशी तिची हालचाल चांगली आहे." त्यांनी मोबाइल पुढे केला. घड्याळातले आकडे त्यांना कचेरीत बसून दिसतात. "इथेच एवढी चालते, मग गावाला कशाला जायचं म्हणते?"

ते कामावर गेले. सांभाळणारी बाई स्वयंपाकघरात गेली. तोच सुभेदारीणबाईंचे दोन्ही हात पुढेमागे होऊ लागले. डावा पुढे, उजवा मागे. उजवा पुढे, डावा मागे. समोर ना रवी ना मडके. मनगटावर ते घड्याळ.

"ताक घुसळतीया," त्या हळूच म्हणाल्या. "आकडा चांगला झाला की गावाला सोडतो म्हणलाय. पोराला सांगू नका."

मी "बरं" म्हटले नव्हते, म्हणून येथे लिहितो. त्या पोराला दाखवीत होत्या की आपण चालत आहोत, आणि ते पोर त्यावरून ठरवीत होते की आईला इथे काही कमी नाही. सभेत जे झाले तेच पुन्हा होत होते, आणि या वेळी करणाऱ्याही त्याच होत्या. मी त्यांना ते समजावून सांगितले. त्यांनी हात थांबवले नाहीत.

मी डबी पुढे केली. त्यांनी झाकण काढून वास घेतला. "आक्काचंच हाय. हितं पिशवीतलं दही येतंय. कुणाकडं जायला नगं, मागायला नगं." मग विचारले, "फाटक उघडलं का?"

"अजून नाही."

"तुमच्या कलमांचाबी खुबा मोडलाय जणू."

मी सांजेपर्यंत थांबलो आणि चिरंजीवांशी पुन्हा बोललो. घुसळण्याचे सांगितले नाही. ते त्यांनी येथे वाचावे. वॉकरवरचे टॉवेल मात्र मी स्वतः काढले. चिरंजीवांचे शेवटचे म्हणणे शब्दशः असे: "काका, रस्त्यावर मी तिला चालू देणार नाही. मैदान दुपारी उघडं असलं, तर मी स्वतः गाडीनं आणून सोडतो." ही अट मला मान्य आहे. ती पूर्ण करणे माझ्या किंवा त्यांच्या हातात नाही. ज्यांच्या हातात आहे, त्यांच्यासाठी हा सगळा मजकूर आहे. शस्त्रक्रियेनंतर जे दिवस चालायचे असतात ते बसून गेले, तर नंतर कुलूप काढून उपयोग नाही; तेवढे वैद्यक मलाही समजते.

सरपंच महोदय, अध्यक्ष महोदय, महाराष्ट्रदिनी ग्रामसभा आहे. पद्माक्का म्हणाल्या आहेत की त्या उठून बोलतील. "आता लाजून काय करायचं, सायेब? चालायला जातो म्हणूनच सांगती." चावडीजवळच्या काकूही येणार आहेत, आणि त्यांना खुर्ची लागेल, ती मी आणीन. त्या ऐन वेळी बोलतील की नाही याची मी हमी देत नाही. चारचौघांत ते किती जड जाते हे मी एकदा पाहिले आहे. परंतु बोलण्याचे ओझे आता त्यांच्यावर नाही. बायकांनी काय सिद्ध करावे हे विचारू नका. तुम्ही काय केले ते सांगा.

उत्तर लेखी नको. लेखी उत्तरे तुमच्या कपाटात राहतात. माइकवरून, बायका समोर बसलेल्या असताना, उभे राहून सांगा. सार्वजनिक मैदान दुपारी बंद करण्याचा अधिकार कोणाला होता, आणि किल्ली कोणाकडे आहे? सांगलीहून निघताना बाईंनी मला दारापाशी हाक मारून एकच विचारले होते. तो प्रश्न त्यांच्याच शब्दांत आपल्याकडे पाठवीत आहे. "वकीलसायब, थम कुणी म्हटलं वो?" त्या माणसाचे नाव मला सभेत ऐकायचे आहे.